पर्शियन म्हणून आणलंय, पण खरंच पर्शियन आहे का? आणि ही असंच वागते का?

कोथिंबीर_जुडी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच, त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या.

लेकीने दोन वर्षं डोकं खाल्लं म्हणून शेवटी मांजराचं पिल्लू आणलं. एका ओळखीतून नंबर मिळाला होता, घरीच ब्रीडिंग करणारे होते, १८,००० घेतले. तीन महिन्यांची मादी आहे, सेमी पंच म्हणजे नाक अर्धवट चपटं, ट्रिपल कोट म्हणजे केसांचे तीन थर, प्युअर पर्शियन असं सांगितलं. कागद वगैरे काही नाही, विचारलं तर म्हणाले मॅडम कागद कुत्र्यांचे असतात. रंग नारिंगी, त्यावर जरा गडद पट्टे, छाती आणि पोट फिकट मलईसारखं. नाव ठेवलंय राणी.

आता झालंय असं की ह्यांच्या ऑफिसातले एकजण घरी आले आणि बघताक्षणी म्हणाले की वहिनी फसलात, पर्शियनचं नाक एवढं लांब नसतं, हे मिक्स आहे. तेव्हापासून घरात तेच चालू आहे. सासूबाई तर पहिल्या दिवसापासून म्हणतायत की हे मांजर आहे की पायपुसणं, कारण ती दिवसभर बाथरूमच्या दारातल्या फरशीवर पसरलेली असते. आमच्या माहेरी गावाला मांजरं म्हणजे दुधाच्या पातेल्यावर झडप, कौलांवरून उड्या, उंदीर तोंडात घेऊन मिरवणं. ही तर सोफ्यावर चढायच्या आधीसुद्धा विचार करते, आणि ओरडते ती इतकी बारीक की शेजारच्या खोलीत ऐकू येत नाही. शिवाय उजव्या डोळ्यातून सारखं पाणी येतं आणि नाकाच्या कडेला तपकिरी ओघळ पडलाय.

तर ही जात मुळात आली कुठून, खरी ओळखायची कशी, स्वभाव असाच थंड असतो का आजारी आहे, आणि चिंचवडच्या उन्हाळ्यात टिकेल ना, एवढं कोणी सांगाल का. एसी फक्त एकाच खोलीत आहे.

टपरीवाला

अभिनंदन! फोटो टाका आधी, फोटोशिवाय मांजराचा धागा म्हणजे कट न मारता चहा.

पर्शियन म्हणजे इराणची हो, नावातच आहे. मुघलांबरोबर आली आपल्याकडे. माझ्या मावसभावाकडे होती एक, पांढरी, निळे डोळे, हाक मारली तर ढिम्म. आम्ही म्हणायचो काय अ‍ॅटिट्यूड आहे. नंतर कळलं ती बहिरी होती.

जुनाट_कागद

टपरीवाले, बहिरेपणाचं बरोबर आहे, पांढरा रंग आणि निळे डोळे एकत्र असले की बहिरेपणाची शक्यता बरीच वाढते, आणि हे फक्त पर्शियनमध्येच नाही, कुठल्याही पांढऱ्या मांजरात होतं. पण मुघलांचं राहू द्या, कारण खरी गोष्ट त्याहून मजेदार आहे आणि तिच्यात पुणंही येतं.

पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा एक रोमचा भटक्या होता. हा माणूस १६२०च्या सुमारास इराणात इस्फहानला होता आणि तिथून तो घरी लांबलचक पत्रं पाठवायचा. त्यात खोरासान प्रांतातल्या मांजरांचं वर्णन आहे: राखाडी रंग, रेशमासारखी चमक, शेपटीचे केस तर इतके लांब की ती खारीसारखी पाठीवर वळवून ठेवतात, आणि स्वभावाने गरीब. चार जोड्या आपण इटलीला नेणार असल्याचं त्याने लिहिलंय. आणि पुढचं वाक्य आपल्या कामाचं, पोर्तुगीज लोकांनी ही मांजरं इराणातून हिंदुस्थानात नेलीत असंही तो सांगतो. हाच गृहस्थ पुढे १६२३मध्ये सुरतेला उतरला आणि गोव्यालाही जाऊन राहिला. म्हणजे मुघलांचं माहीत नाही, पण गोव्याच्या एखाद्या पोर्तुगीज घराच्या ओसरीवर लांब केसांचं मांजर चारशे वर्षांपूर्वी पसरलेलं असू शकतं. (हा शेवटचा अंदाज माझा, त्याच्या नावावर खपवू नका.)

आता पुणं. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, ज्याच्या नावाचं कॉलेज मुंबईत आहे तोच, १८०८-०९मध्ये पेशावरला अफगाणांचा राजा शाह शुजा ह्याच्या दरबारी वकील म्हणून गेला होता. त्यावर त्याने काबूलच्या राज्याबद्दल जाडजूड पुस्तक लिहिलं, ते १८१५ला छापून आलं तेव्हा साहेब पुण्यात पेशव्यांकडे इंग्रजांचे रेसिडेंट होते, संगमावर त्यांचा बंगला होता, जो पुढे १८१७च्या खडकीच्या लढाईच्या दिवशी जळाला. त्या पुस्तकात घोडे, उंट, कुत्रे सगळं झाल्यावर मांजरांवरही दोन ओळी आहेत. लांब केसांची 'बुराक' नावाची मांजरं तिकडून भरपूर बाहेर पाठवली जातात आणि सगळीकडे त्यांना पर्शियन म्हणतात, पण ज्या देशाचं नाव दिलंय तिथे ती फारशी नाहीत आणि तिथून जवळपास बाहेर जातच नाहीत, असा त्याचा मुद्दा आहे. म्हणजे जुडीताई, "हे खरंच पर्शियन आहे का" हा तुमचा प्रश्न दोनशे वर्षं जुना आहे, आणि तेव्हाही उत्तर "नाव पर्शियन, माल दुसरीकडचा" असंच होतं :)

युरोपात एकीकडून ही इराण-अफगाण बाजूची मांजरं गेली आणि दुसरीकडून तुर्कस्तानातल्या अंकाऱ्याची, म्हणजे अंगोरा. अंगोरा सडपातळ, केस रेशमी, आतली लोकर कमी. पर्शियन म्हणून जी ओळखली जायची ती डोक्याने मोठी, अंगाने भरलेली, केस दाट. विक्टोरियन काळातल्या इंग्रजांनी दोन्ही एकमेकांत मिसळली, मग घरच्या मांजरांतही मिसळली, आणि त्यातून आजची पर्शियन घडवली. १३ जुलै १८७१ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन विअर नावाच्या चित्रकाराने मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं, आजच्या कॅट शोंची सुरुवात तिथूनच धरतात, आणि लांब केसवाल्यांची फॅशन त्यानंतर अशी काही सुटली की अंगोरा मागे पडली ती पडलीच. तुर्कांना शेवटी अंकाऱ्याच्या प्राणिसंग्रहालयात ती वेगळी जपावी लागली. राणी विक्टोरियाकडेही निळ्या पर्शियन होत्या, मग काय विचारता, राणीकडे आहे म्हटल्यावर सरदारणीकडे हवीच.

२००८मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी जगभरच्या मांजरांचे डीएनए ताडून बघितले, त्यात आजची पर्शियन इराणच्या आसपासच्या मांजरांशी नाही तर पश्चिम युरोपातल्या साध्या गल्लीतल्या मांजरांशी जवळची निघाली. इराणी नाव, इंग्रजी रक्त. आमच्या पुण्याच्या कॅम्पातल्या इराणी बेकरीच्या इंग्रजी बिस्किटासारखं.

भाटीची_आई

जुनाट काका भारी लिहिलंय, वाचनखूण साठवली.

जुडी, मी तुला स्वभावाचं सांगते कारण माझ्याकडे अकरा वर्षं पर्शियन भाटी, म्हणजे मांजरी, आहे, बर्फी नाव, ठाण्यात राहतो आम्ही. आधी एक सांगते की तुझी पोर आजारी वाटत नाहीये, ही जातच अशी आहे. माझी बर्फी आयुष्यात कधी कपाटावर चढलेली नाही. तिची उंचीची हौस म्हणजे दिवाणापर्यंत. पाय आखूड, अंग जड, छाती रुंद, ती उडी मारते तेव्हा आधी मान वर करून बघते, मग मागचं अंग हलवते, मग विचार बदलते आणि माझ्याकडे बघते की उचल. कौलांवरच्या मांजरांशी तुलना केलीस तर तुला ती मंदच वाटणार पण मंद नाहीयेत गं, खिडकीवर पारवा बसला की हनुवटी थरथरते आणि तोंडातून कटकटकट असा आवाज काढते, फक्त उठत नाही. शिकारीचा विचार पुरतो तिला.

आणि आवाज खरंच बारीक असतो. बर्फी जेवण मागताना तोंड उघडते आणि अर्ध्या वेळा त्यातून आवाजच येत नाही, नुसतं तोंड. घुरघुर मात्र मिक्सरसारखी.

माणसाळलेली असतात पण गळ्यात पडणारी नाहीत. सयामी मांजर कसं तुमच्या मागे मागे फिरतं आणि गप्पा मारतं, तसं ही करत नाही, ही तुम्ही ज्या खोलीत आहात त्या खोलीत येऊन दोन हात लांब बसते. मांडीवर येईल ती तिच्या मर्जीने. आणि तिला रोजचं सगळं रोजच्यासारखंच लागतं. आमच्याकडे गणपतीत पाहुणे आले आणि खाली ढोल लागले की दीड दिवस ती पलंगाखाली, तिथेच पाणी नेऊन द्यायचं, ओढून काढायचं नाही. तुझी लेक किती वर्षांची आहे? लहान असेल तर तिला शिकव की झोपलेल्या मांजराला उचलायचं नाही, ही फिस्कारत नाहीत सहसा, नखंही काढत नाहीत, गपगुमान सोसतात आणि मग हळूहळू लांब राहायला लागतात. ते जास्त वाईट.

आता केसांचं, कारण खरी परीक्षा तिथे आहे. रोज, म्हणजे रोज, दहा मिनिटं स्टीलची फणी. ब्रश नाही, ब्रश वरच्यावर फिरतो आणि आपल्याला वाटतं झालं. मी पहिल्या वर्षी हेच केलं, पाठीवरून ब्रश फिरवून खूश, आणि एक दिवस काखेत हात गेला तर तिथे अक्रोडाएवढी जटा, आत कातडी ओढली जाऊन लाल झालेली, ती चालताना पाय फाकवून का चालते ते तेव्हा कळलं. रडले मी त्या दिवशी. कात्रीने कापू नकोस, कातडी इतकी पातळ असते की केसांबरोबर वर येते आणि कापली जाते, जटा बोटांनी सोडवायची, चिमूटभर कॉर्नस्टार्च लावून, नाही सुटली तर डॉक्टरकडे मशीनने. काखा, कानामागे, मांड्यांच्या आतली बाजू आणि गळ्याखालची झालर, ह्या चार जागा आधी, पाठ शेवटी. शेपटीखालचे केस छोटे ठेव नाहीतर लिटर बॉक्समधून ती काय काय घेऊन सोफ्यावर येईल ते सासूबाईंना दाखवायच्या लायकीचं नसतं.

ट्रिपल कोट हा विकणाऱ्यांचा शब्द आहे, त्यावर जाऊ नकोस. लांब वरचे केस आणि आत दाट मऊ लोकर, एवढंच बघायचं. बर्फीला अंघोळ घातली की ती निम्मी होते, उंदराएवढं तोंड आणि चार काड्या, आमचे हे दरवेळी म्हणतात अगं आपण केसांना खायला घालतोय.

उन्हाळ्यात फरशीवर पसरते ते चांगलंच आहे, पसरू दे. मी मे महिन्यात बेसिनखाली ओला पंचा पिळून ठेवते आणि दुपारी एसीच्या खोलीचं दार उघडं. तोंड उघडून कुत्र्यासारखी धापायला लागली तर मात्र घरगुती उपाय करत बसायचं नाही, गाडी काढायची.

टपरीवाला

बरं मुघल मागे घेतले.

पण नाकाचं काय? आमच्याकडे पेट शॉपमध्ये भाव नाकावरच ठरतो. डॉल फेस, म्हणजे नीट नाक असलेलं, सगळ्यात स्वस्त, सेमी पंच त्याच्यावर, पंच फेस म्हणजे एकदम चपटं ते महाग. जितकं चपटं तितकं प्युअर असंच सगळे सांगतात ना?

लेस्टरवासी

राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. मी मूळची सांगलीची, वीस वर्षं इंग्लंडात, इथे दोन एक्झॉटिक आहेत घरात (म्हणजे आखूड केसांची पर्शियन, अमेरिकेत साठच्या दशकात पर्शियन आणि तिकडची आखूड केसांची मांजरं मिळून काढलेली जात, आळशी माणसाची पर्शियन म्हणतात हिला, आणि मी तो माणूस). कॅट शोला हौसेने जाते.

जितकं चपटं तितकं प्युअर, हे साफ चुकीचं आहे. उलट जुन्या चित्रांतल्या, फोटोंतल्या पर्शियन बघा, सगळ्यांना चांगलं नाक आहे. आखूड आहे पण आहे. विक्टोरियाच्या काळातली पर्शियन आज आपल्या पेट शॉपमध्ये नेली तर तिला डॉल फेस म्हणून खालच्या पिंजऱ्यात ठेवतील. एकदम सपाट चेहरा ही अमेरिकेतली नंतरची हौस, तिथे लाल रंगाच्या पर्शियनमध्ये पेकिनीज कुत्र्यासारखी चपटी पिल्लं निघायला लागली, लोकांना ती आवडली, त्यांनाच बक्षिसं मिळत गेली, आणि जे बक्षीस घेतं त्याचीच पिल्लं वाढतात. जुन्या चेहऱ्याला तिकडे डॉल फेस किंवा ट्रॅडिशनल म्हणतात. म्हणजे जुडीताई, तुमच्या ह्यांच्या ऑफिसवाल्यांना सांगा की नाक असणं हा मिक्सचा पुरावा नाही.

इथल्या मांजरांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा, म्हणजे जीसीसीएफचा, एक नियम मला फार आवडतो. मांजर समोर बसवायचं, नजरेला नजर. नाकाचा जो ओला उघडा भाग असतो त्याची वरची कड डोळ्याच्या खालच्या कडेपेक्षा वर असता कामा नये. वर गेली तर बक्षीस नाही. घरी पट्टी आडवी धरून दोन सेकंदात बघता येतं. आपल्याकडचे पंच फेस म्हणून जे व्हिडिओ फिरतात त्यातली कितीतरी ह्यात नापास होतील, नाक दोन डोळ्यांच्या मधोमध चिकटवल्यासारखं.

बाकी दिसण्यात काय बघतात तर सगळं गोल. डोकं गोल, डोळे मोठे, गोल आणि एकमेकांपासून लांब, कान लहान, टोकाला गोलसर आणि डोक्यावर खाली बसवलेले, गाल भरलेले, मान आखूड, पाय आखूड आणि जाड, पंजे मोठे, शेपटी आखूडच पण झुपकेदार. पूर्ण वाढ व्हायला दोन वर्षं लागतात, तोवर तुमची राणी मधेच लांबट दिसेल, मधेच कान मोठे वाटतील, घाबरू नका, दहावीतल्या मुलासारखं असतं ते. नारिंगी रंगाला शोमध्ये रेड म्हणतात आणि त्यात डोळे तांब्याच्या रंगाचे हवे असतात. हिरवे डोळे चंदेरी चिंचिलाला, म्हणजे पांढऱ्या केसांच्या टोकाला काळी झाक असते ती.

कागदाबद्दल. कागद मांजरांचे असतात, आई-बाप-आजी-पणजीची नोंद असते. पण ते काय सिद्ध करतात तर ही मांजरी कोणाची, एवढंच. नुसत्या रूपावरून जात ठरत नाही, कारण लांब केस हा एका जनुकाचा खेळ आहे आणि तो दबून राहणारा आहे, आखूड केसांच्या आई-बापांकडेही तो लपलेला असला तर पोटी लांब केसांचं पिल्लू येतं. तेव्हा कागदाशिवाय "प्युअर" हा शब्द कोणीच वापरू नये, ना विकणाऱ्याने ना ऑफिसवाल्याने. पर्शियन वळणाचं मांजर म्हणा, खोटं काही नाही.

जाता जाता, कोणी हिमालयन म्हणून विकत असेल आणि मनालीहून आणलीय म्हणत असेल तर हसून निघून या. पर्शियन आणि सयामीच्या संकरातून ती अमेरिकेत निघाली, हार्वर्डमध्ये तीसच्या दशकात त्यावर प्रयोग झाले होते, आणि नाव आलं ते हिमालयन सशावरून, त्याचेही कान-नाक-पाय असेच गडद असतात. अंगाचा जो भाग थंड तिथे रंग गडद येतो. माझ्या मैत्रिणीच्या हिमालयन भाटीचं ऑपरेशनसाठी पोट भादरलं होतं, ऐन थंडीत, तर तिथे नवे केस चॉकलेटी आले, चौकोनी ठिगळ लावल्यासारखे, पुढच्या वेळी केस झडेपर्यंत तसंच फिरत होती बाई.

गल्लीतला_बोका

कोणाला टोचेल पण लिहितो. १८,००० देऊन रडके डोळे आणि जटा विकत घ्यायच्या त्यापेक्षा सोसायटीच्या पार्किंगमध्ये पावसात भिजणारी चार पिल्लं दाखवतो, फुकट, नाकासकट.

कोथिंबीर_जुडी

गल्लीतला_बोका, टोचलं, पण म्हणणं पटतंय. तेव्हा माहीत असतं तर दोनदा विचार केला असता. आता आणलीय तर टाकून तर देणार नाही ना, डोळे पुसतेय रोज.

भाटीची_आई ताई, लेक नऊ वर्षांची आहे, तुमचा झोपलेल्या मांजराचा नियम फ्रिजवर लिहून लावलाय. काल काखेत बघितलं, बारकी जटा होतीच, वाटाण्याएवढी. कॉर्नस्टार्चने सुटली, पंधरा मिनिटं लागली, तिने एकदाही चावलं नाही. सासूबाई लांबून बघत होत्या, म्हणाल्या माझ्या वेणीला कोणी इतका वेळ दिला नाही.

गोठा_ते_गॅलरी

मी व्हेट आहे, नाशिककडे, निम्मा दिवस गाई-म्हशी आणि निम्मा दिवस असली गोल तोंडं. बघितल्याशिवाय औषध सांगणार नाही, पण बाकी सांगतो.

डोळ्याचं पाणी: आपल्या सगळ्यांच्याच डोळ्यातलं पाणी एका बारीक नळीतून नाकात उतरतं. चेहरा चपटा झाला की ती नळी दबते, वाकडी होते, मग पाणी नाकात न जाता बाहेर गालावर ओघळतं आणि हवेत तपकिरी होतं. पर्शियनमध्ये हे रोजचंच. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस बुडवून दिवसातून दोनदा, आतल्या कोपऱ्यातून बाहेर, दर डोळ्याला वेगळा कापूस, चिपडं वाळू द्यायची नाहीत. पण तुम्ही म्हणताय एकाच डोळ्यातून येतं, म्हणून दाखवून घ्या, एका बाजूचं असेल तर इन्फेक्शन, ओरखडा, आत वळलेली पापणी असं काहीही असू शकतं. डोळा मिचकावते का, पाणी पिवळं-हिरवट आहे का, तेही बघा. माणसांचे ड्रॉप घालू नका, त्यात स्टेरॉइड असलं आणि डोळ्यावर जखम असली तर डोळा जाऊ शकतो. अशा दोन केसेस स्वतः बघितल्यात.

श्वास: झोपेत घोरते का, खेळून दमली की तोंड उघडते का. नाकपुड्या फटीसारख्या असतील तर उन्हाळ्यात त्रास. विमानाने नेणार असाल तर आधी विचारा, बऱ्याच कंपन्या चपट्या नाकाची जनावरं कार्गोत घेतच नाहीत.

आता महत्त्वाचं, जे विकणारा कधी सांगत नाही. पीकेडी. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होतात, जन्मापासून असतात, हळूहळू वाढतात, आणि मांजर सात-आठ वर्षांचं झाल्यावर एक दिवस खाणं सोडतं, पाणी मात्र सारखं पितं, तोवर मूत्रपिंडं बरीच गेलेली असतात. पर्शियनमध्ये हा आनुवंशिक आहे आणि आई किंवा बाप, एकाकडून आला तरी पुरतो, निम्म्या पिल्लांत उतरतो. २००४मध्ये त्याचं जनुक सापडलं, त्याआधी जगभरात तपासलेल्या पर्शियनपैकी साधारण तीनात एक आजारी निघायची. आता गालाच्या आतून काडी फिरवून टेस्ट होते, आणि परदेशात जे ब्रीडर टेस्ट करूनच जोड्या लावतात त्यांच्याकडे हा आजार खूप कमी झालाय. आपल्याकडे किती जण करतात ते तुम्हीच त्यांना विचारून बघा. तुम्ही दहा महिन्यांनंतर एक सोनोग्राफी करून घ्या, गाठी असतील तर दिसतात. उपाय नाही, पण आधी कळलं तर खाणंपिणं सांभाळून बरीच वर्षं निघतात. ओलं खाणं द्या, पाण्याची भांडी दोन-तीन जागी ठेवा, आणि दूध बंद, मोठ्या मांजराला दूध पचतंच असं नाही.

लसीचं कार्ड दिलंय का? ट्रायकॅट दोन डोस आणि रेबीज झालेत का बघा. अंगावर गोल टक्कल दिसलं तर लगेच या, गजकर्ण ह्यांना पटकन होतं आणि लेकीला लागेल. आणि पिल्लू आईपासून किती दिवसांचं असताना तोडलं हेही विचारा, आठ आठवड्यांच्या आत विकायला पेट शॉपना २०१८च्या नियमांनी बंदी आहे, तरी सहा आठवड्यांची बाळं तीन महिन्यांची म्हणून सर्रास खपवतात. दात बघून डॉक्टर वय सांगतील.

शेवटचं, जरा नाजूक. नारिंगी मांजरांत पाचातली साधारण चार बोके असतात, कारण तो रंग एक्स गुणसूत्रावर बसतो, बोक्याला एकच लागतो, भाटीला दोन्हीकडून यावा लागतो. नारिंगी-काळं असं चितकबरं असेल तर जवळपास नक्की भाटी. तुमची पूर्ण नारिंगी आहे. शेपटी उचलून बघा. विसर्गासारखी एकाखाली एक दोन टिंबं लांब लांब दिसली तर बोका, खालची फट उभी आणि जवळ असेल, म्हणजे अर्धविरामासारखं, तर भाटी. केसात दिसत नाही पटकन, नीट बाजूला करून बघा.

भाटीची_आई

डॉक्टरसाहेब, पीकेडीचं सगळं खरंय. बर्फीच्या आधीची माझी आठव्या वर्षी ह्यानेच गेली. तेव्हा नावही ऐकलं नव्हतं. बर्फीची सोनोग्राफी दोनदा केली, स्वच्छ आहे.

टपरीवाला

विसर्ग आणि अर्धविराम. शाळेत असं शिकवलं असतं तर व्याकरणात पास झालो असतो.

जुडीताई, शेपटी उचलली का?

कोथिंबीर_जुडी

उशिरा लिहितेय, सॉरी. शनिवारी डॉक्टरांकडे जाऊन आलो.

डोळ्याला बारीक ओरखडा निघाला, स्वतःच्याच नखाने झाला असेल म्हणाले, जेल दिलंय, दिवसातून तीनदा, पाणी निम्मं कमी झालंय. श्वास ठीक. दात बघून म्हणाले फार तर नऊ आठवडे, म्हणजे आमच्याकडे आली तेव्हा जेमतेम सात. लसीच्या कार्डावर जी तारीख आहे त्या दिवशी ती तीन आठवड्यांची असणार, त्यामुळे ते कार्ड फाडून नवीन सुरू केलं. विकणाऱ्यांना फोन केला, उचलत नाहीत. सोनोग्राफीची आठवण मोबाइलमध्ये पुढच्या वर्षीची लावून ठेवली.

लेस्टरताई, पट्टी लावली. नाकाची वरची कड डोळ्याच्या खालच्या कडेच्या बऱ्यापैकी खाली आहे, लेकीने मोजून चार मिलिमीटर सांगितले आणि चौथ्या मिलिमीटरला राणीने पट्टी चावली. ऑफिसवाल्यांना फोटो पाठवलाय, निळी टिक आलीय, उत्तर नाही.

आणि हो, विसर्ग.

लेक म्हणतेय नाव बदलायचं नाही, ह्यांचं म्हणणं राजा करा, आणि सासूबाईंनी काल दोघांना डावलून परस्पर हाक मारली, "ए बोक्या, ऊठ तिथून, पाय पडेल कुणाचा," आणि तो उठलासुद्धा. आमच्या हाकेला अजून कान हलत नाही त्याचा.